ओव्याच्या अर्काची बाटली

—नाही, मागच्या वर्षापासून नव्हे. नीट सांगते, मोघम बोललेलं मला चालत नाही. सन दोन हजार चोवीस, नोव्हेंबर महिना, कार्तिक वद्य पक्ष. तुम्ही हिवाळा म्हणालात, पण कार्तिक म्हणजे शरदच. हेमंत लागतो तो मार्गशीर्षात. तेव्हापासून हे कपाट असं आहे. उजवं दार पॉलिश केलेलं, डावं कोरडं. घरात येणारा प्रत्येक जण विचारतो, तसं तुम्हीही विचारलंत, त्यात वावगं काही नाही. फक्त ती बाटली — ती आत आणू नका. पायरीवर राहू द्या. आणि लेबल भिंतीकडे करा — हो, स्पिरिटच आहे, मला कळतं, पण बाटली कशाची आहे ते समोरच्या गच्चीवरूनसुद्धा वाचता येतं. तुम्ही सगळेच पॉलिशवाले ह्या असल्या बाटल्यांत का ठेवता स्पिरिट, देव जाणे. बूच घट्ट बसतं म्हणून? असेल. लागेल तेवढं ह्या वाटीत घ्या, वाटी फेकायचीच आहे. आणि आवाज जरा बेताचा ठेवा. आतल्या खोलीत आमचे हे आरामखुर्चीत पडले आहेत. डोळे अधू झाल्यापासून कान फार तिखट झाले आहेत त्यांचे.

तीन वाजता गार्गी येईल, माझी नात, मुलीची मुलगी. ती आली की तुम्ही हात धुवायचे आणि मी तिच्याबरोबर निघायचं. कोर्टात. असे दचकू नका, मी आरोपी नाही. माझी साक्ष आहे. ह्या दाराचं पॉलिश ज्याने केलं त्या माणसाविरुद्ध. ताराचंद त्याचं नाव. हिंगण्याकडे राहतो. वकिलांनी मला समजावलं आहे — आजी, तुम्ही एकच वाक्य बोलायचं, पोलिसांना जे सांगितलं तेच, की त्याने विषारी स्पिरिट आमच्या औषधाच्या बाटलीत ओतून ठेवलं. एक वाक्य. मी जुनी मॅट्रिक आहे, मला दोनदा सांगावं लागत नाही.

करा तुम्ही, करा. थांबू नका. मी बोलते आहे ते वेळ जावा म्हणून.

आमचे हे — केशवराव — तुमच्या कानावर नाव असेल. पारशिवनीच्या बाजूची गावं त्यांनी सायकलने पालथी घातली आहेत. ऑफिस सुटलं की, रविवारी, सणावारी, दारू सोडा म्हणून सांगत. प्रार्थना मंडळाची पांढरी टोपी घालायची, चावडीपाशी उभं राहायचं आणि बोलायचं. लोक हसत. दारू प्यालेले लोक ह्यांना हार घालत आणि त्याच हाराने ओवाळत. हे शांत. आईला शब्द दिला होता त्यांनी, लहानपणी, की थेंब शिवणार नाही. आणि नुसतं न पिणं नव्हे — खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर बारीक अक्षरात मद्यार्क लिहिलेलं दिसलं तर ती बाटली दुकानात परत. मी वाचून दाखवायची, हे मान हलवायचे. चौपन्न साली दिलेला शब्द. लोक त्यांच्या पाया पडतात ते त्यासाठी. मलाही लोक नमस्कार करतात, तो त्याच हिशेबात.

तर गार्गीचं लग्न ठरत होतं, पाहुणे यायचे होते. मी म्हटलं, कपाटाला पॉलिश करून घेऊ. माझ्या वडिलांनी दिलेलं सागवानी कपाट आहे. ताराचंदला फर्निचरवाल्याने पाठवलं. काम चांगलं, तोंड अखंड चालू. मला काकू म्हणे. मी म्हटलं, आजी म्हणा, बहात्तर मागे पडले. तर म्हणतो, “काहून म्हनू आजी, अजून कडक आहा तुम्ही काकू, माही माय तुमच्यापुढं म्हातारी दिसते.” असलं बोलणं. ह्यांना हसू यायचं. मला नाही. मंगळवारी दुपारी त्याने उजवं दार पुरं केलं आणि म्हणाला, “काकू, उद्या वोटिंग आहे, मी काही येत नाही, परवा येतो, सामान राहू द्या.” आणि गेला. आणि सामानात ती स्पिरिटची बाटली.

त्याच दुपारी जेवण झाल्यावर ह्यांनी नेहमीसारखा ओव्याचा अर्क घेतला. रोजची सवय — अर्धा कप पाण्यात दोन चमचे. मी वामकुक्षीला पडले होते, म्हणून आपल्या हाताने घेतला. वास त्यांना येत नाही. करोनात गेला तो परत आलाच नाही. संध्याकाळी म्हणाले, अर्क आज जरा मवाळ होता. मी म्हटलं, पाणी जास्त घातलं असेल. रात्रीला डोकं जड, सकाळी उलटी. मी म्हटलं, पित्त. आलं-लिंबू दिलं. तरी मतदानाला जायचंच. मत चुकवलं नाही त्यांनी कधी. शाळेतल्या बूथवर गेलो, बोटाला शाई लागली, हे यंत्रापाशी गेले — आणि बाहेरच येईनात. मतदान अधिकारी म्हणाला, आजोबा, बटन दाबा. तर पुठ्ठ्याच्या आडोशाआडून ह्यांचा आवाज आला, “अहो, इथे धुकं फार आहे.”

धुकं. ऊन होतं. शाळेच्या पटांगणात लख्ख ऊन होतं.

गार्गीने थेट रामदासपेठेत नेलं, दवाखान्याचं नाव कशाला सांगू. डॉक्टर पोरसवदा मुलगी, भूमिका नाव तिचं, केस कापलेले, बोलणं मोजकं. श्वास बघितला, रक्त तपासलं, म्हणाली, रक्तात आम्ल भयंकर वाढलंय. आणि मला विचारते, “आजोबा पितात का?” मी म्हटलं, आपण कोणाशी बोलत आहात? ती म्हणाली, “आजी, रागावू नका. पितात का, आणि काल काय प्यायले?” मी म्हटलं, ह्या घरात मद्याचा थेंब नाही. ती म्हणाली, “घरात रंगकाम, थिनर, पॉलिश, काही चालू आहे का?”

तेव्हा मला कळलं.

हो, म्हटलं. पॉलिश चालू आहे. गार्गीने तिथेच ताराचंदला फोन लावला — बाटलीत काय होतं? तो म्हणाला, स्पिरिट, पण ह्या वेळी स्वस्तातलं आणलं होतं, लाकडाचं म्हणतात ते. डॉक्टर मुलीने नुसतं ऐकलं आणि म्हणाली, “मिथेनॉल.” मग तिने आम्हाला समजावलं. ते विष मुळात तितकं वाईट नाही. यकृत त्याचे तुकडे करतं, ते तुकडे वाईट. आधी डोळे घेतात, मग माणूस. म्हणून यकृताला दुसऱ्या कामाला जुंपायचं. असं एकच काम आहे की ते समोर आलं की यकृत विषाला हात लावत नाही. विष जसंच्या तसं पडून राहतं, ते मग डायलिसिसने काढता येतं. मशीन दुपारनंतर मोकळं होणार होतं; तोवर यकृत गुंतवून ठेवायला हवं होतं. मी विचारलं, त्या औषधाचं नाव काय? मी चष्मा लावला होता, चिठ्ठी लिहून देईल म्हणून. ती म्हणाली, “परदेशात एक इंजेक्शन मिळतं, आपल्याकडे नाही. आपल्याकडे दारू. चांगली, कारखान्यातली, सीलबंद. आमच्याकडे साठा नाही, तुम्हाला आणावी लागेल. पटकन.”

मी चष्मा काढून ठेवला.

तुम्ही हसलात तरी चालेल. गार्गी हसली — रडत रडत हसली ती. कारण मतदानाचा दिवस, सगळ्या दुकानांना कुलूप. ती गाडी घेऊन धंतोलीत गेली, सदरला गेली, बारवाल्यांची शटरं वाजवली; पोलिसांनी हुसकून लावलं. एवढं शिकलेलं आमचं घर, शेजारी डॉक्टर, वकील. सगळ्यांना फोन केले. सगळे म्हणाले, आमच्याकडे नसते हो. केशवरावांच्या नातीला कोण सांगणार, असते म्हणून? शेवटी ताराचंदचाच फोन परत आला. आजोबा कसे आहेत म्हणून. गार्गीने त्याला सांगितलं. तो म्हणाला, “अरे, मग रडून काहून राहिली बाई? माह्याकडे आहे ना. वोटिंगच्या दिवशी भेटत नाही म्हनून आधीच घेऊन ठेवली होती, फोडली बी नाही. आनून राहिलो.”

मोटरसायकलवर आला. शर्टाच्या आत, पोटाशी धरून, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. वाटेत नाक्यावर अडवलं असतं तर आत गेला असता. दवाखान्याच्या फाटकाशी त्याने ती माझ्या हातात दिली. गार्गीच्या नव्हे, माझ्या; मीच पुढे होते. मी पदरात घेतली. “पुरी पाजा,” म्हणाला, “वापस नको.” बोटाला त्याच्याही शाई होती. आभार मी मानले नाहीत. तोंडातून शब्दच आला नाही, असं म्हणतात तसं काही नव्हे. शब्द होता, मी काढला नाही.

नाकातल्या नळीने, मोसंबीच्या रसात घालून दिली. ह्यांना शुद्ध होती. मला विचारलं, “काय देताहेत?” मी म्हटलं, “औषध.” तोंड माझ्या दिशेने होतं, डोळे भलतीकडे. “बरं,” म्हणाले. सही मी केली. डॉक्टर मुलगी म्हणाली, आजी, हेच औषध आहे. मी म्हटलं, मला कळलं. नंतर डायलिसिस झालं. वाचले. आता मधलं दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. माणसाकडे बघायचं असलं की मान वळवून दुसरीकडे बघतात. आजपर्यंत त्यांना ठाऊक नाही काय दिलं ते. मंडळात सांगतात, परदेशी इंजेक्शन होतं. मी सांगितलं तसं.

हात का थांबला तुमचा?

—हो, मग पोलीस आले. विषबाधा म्हटली की दवाखान्याला कळवावंच लागतं. हवालदार आला तेव्हा खाटेभोवती मंडळाचे सगळे उभे होते, पांढऱ्या टोप्या घालून, प्रार्थना म्हणायला आलेले. त्यांच्यादेखत त्याने मोठ्याने विचारलं, “आजी, स्पिरिट कशात होतं? कशाच्या बाटलीत?” कोणीतरी प्रार्थना थांबवली. मी सांगितलं, पॉलिशवाल्याने आमच्या ओव्याच्या अर्काच्या बाटलीत ओतून ठेवलं होतं. संपलं. एवढंच ते वाक्य. आज तेच सांगायचं आहे.

ताराचंदला चौकीत बसवून ठेवलं. फर्निचरवाल्याने काढून टाकलं; कॉलनीत त्याला कोणी फाटकाच्या आत घेत नाही. हवालदार मला म्हणाला, आजी, गडी विचित्र आहे, हो-नाही काहीच बोलत नाही, नुसतं म्हणतो, “काकू म्हनते तर तसंच असंन.” आता शिक्षा होईल म्हणतात. वकील म्हणतात, फार नाही, थोडी.

तुमचं ते काय चाललं आहे — ती चिंधीची गुंडी. आत कापूस, वर मऊ कापड, आणि पीळ देऊन अंगठ्याखाली धरायची. अशी धरताना मी एकच माणूस पाहिला आहे. बाकीचे ब्रश मारतात. हे कोणी शिकवलं तुम्हाला?

—असं.

—गुरू म्हणता त्याला. बरं. मग आल्याबरोबर सांगायचं होतंत. म्हणजे तुम्ही हे काम मुद्दाम मागून घेतलंत? —बरं. काय करतो तो आता? —कंपनीच्या बसवर. बस धुतो. बरं.

नाही, मला राग आलेला नाही. विचारा, काय विचारायचं आहे ते.

—हा प्रश्न वकिलांनी विचारला नाही. हवालदारानेही नाही. हो, तुमचं खरं आहे; स्वतःची बाटली असताना तो दुसऱ्याच्या घरातली बाटली कशाला घेईल? अर्काच्या बाटलीचं तोंड किती बारीक असतं, नरसाळं लागतं. नरसाळं स्वयंपाकघरात, फडताळाच्या वरच्या खणात. त्याला ठाऊक असायचं काही कारण नाही. स्वयंपाकघरात तो आलाच नाही कधी, मी येऊ दिलं नाही. आणि बाटलीवर ‘ओवा अर्क’ असं अक्षर — ते माझं. सगळ्या बाटल्यांवर मी लिहिते. एकसारख्या अक्षरात, काळ्या शाईने. ती रिकामी होती, धुऊन उन्हात पालथी घातली होती.

अहो, तो गेला आणि ती बाटली इथे, ह्या खिडकीत! अर्धी भरलेली, लेबल रस्त्याकडे. त्यावर ते घोड्याचं चित्र. केशवरावांच्या खिडकीत. मतदानाच्या आदल्या दिवशी, घरोघरी लोक चिठ्ठ्या वाटत फिरताहेत, वर बघताहेत. मी ती फडक्याने धरली — हाताने नव्हे — नरसाळं घेतलं, त्यातलं स्पिरिट धुतलेल्या बाटलीत ओतलं आणि ती घोड्याची बाटली तीन पिशव्यांत घालून आमच्या कचऱ्यात नव्हे, पलीकडच्या गल्लीतल्या कुंडीत टाकून आले. लपतछपत. ह्या वयात. त्या अर्काच्या बाटलीवर मी नवी चिठ्ठी चिकटवणार होते, ‘स्पिरिट, पिऊ नये’. लिहूनही ठेवली होती. गोंद वाळलेला निघाला. म्हटलं, जरा पडते, उठल्यावर भाताच्या शिताने चिकटवते. उठले तोवर हे कप धुऊन पालथा घालून बसले होते; मला वाटलं, नव्या बाटलीतला अर्क घेतला असेल.

मी हवालदाराला काय सांगणार होते? की मी ओतलं? मग पुढचा प्रश्न — कशातून ओतलंत आजी? त्या सगळ्या टोप्यांसमोर? आमच्या घरात दारूची बाटली होती हे मी माझ्या तोंडाने —

होती. दोनदा होती. एक मी फेकली आणि एक पदरात घेतली.

माझा आवाज चढला का? मला वाटलं, मी हळूच बोलते आहे.

तुम्ही माझ्यामागे काय बघता आहात?

—अहो, तुम्ही खुर्चीतून केव्हा उठलात? काठी कुठे आहे? नुसते भिंतीला धरून — बसा आधी. नाही बसत? बरं, उभे राहा. माझ्याकडे बघायला तिकडे मान वळवलीत, म्हणजे बघत आहात. किती ऐकलंत?

—सगळं.

—हो. दारूच होती. नळीतून. ताराचंदची, सीलबंद. मी सही केली. इंजेक्शन नव्हतं.

—हो. तेही मीच. नरसाळ्याने.

—नाही, त्याने नाही. त्याने काहीच केलं नाही.

टोपी का काढता? अहो, असू द्या डोक्यावर. तुम्हाला कुठे ठाऊक होतं, तुम्ही विचारलं तेव्हा मीच औषध म्हटलं, शब्द तुम्ही मोडला नाही — द्या इकडे. नाही देत? बरं. ठेवा टेबलावर. घडी नीट झाली नाही, मी करते. —राहू द्या म्हणता? राहू द्या.

कोट? कोट कशाला? कोर्टात येऊन तुम्ही काय करणार, साक्ष माझी आहे. —बसून राहणार. बोडक्या डोक्याने. मंडळाचे लोक येणार आहेत तिथे, पहिल्या बाकावर बसणार आहेत, ठाऊक आहे ना तुम्हाला? —ठाऊक आहे. बरं. कोट खुंटीवर आहे. उजवीकडे. आणखी उजवीकडे. हं.

आणि तुम्ही — तुम्ही आता आवरा. गुंडी डब्यात ठेवा, वाळेल. डावं दार राहू द्या तसंच. नाही, तुमचं काम वाईट नाही, उत्तम आहे. पण उजवं ज्याचं, डावंही त्याचंच. तो ह्या घरात पाऊल ठेवील की नाही हे मला ठाऊक नाही, आणि तुम्ही मध्ये पडून विचारू नका. मी त्याला कोर्टात बघेन. एक वाक्य होतं, आता तीन-चार लागतील. न्यायाधीशांना सांगेन, जरा वेळ द्या, मी नीट लावून बोलते.

आज बुधवार, एकवीस जानेवारी, सन दोन हजार सव्वीस. माघ लागला आहे, म्हणजे शिशिर. पुढे कोणी विचारलं की हे प्रकरण मिटलं केव्हा, तर मोघम सांगू नका.

खाली हॉर्न वाजला. गार्गी आली.

पायरीवरची बाटली उचलताना — नाही, लपवू नका. पिशवीत कशाला? हातात धरा, अशीच घेऊन जा. बघू द्या गच्चीवरून.

जा.